दोनशे बारा लाल शिक्के

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय कॅप्टन ऑस्टरहाउट. व्यासपीठावर बसलेले फादर टियरनी. आजच्या सत्कारमूर्ती मिस लोरेटा ॲबेल, लग्नानंतरही आपल्या सगळ्यांच्या 'मिस'च, आणि त्यांचे यजमान बर्नार्ड. खरेदी विभागातले माझे जुने सहकारी. लष्करी तळावरून आलेले अधिकारी. हे सभागृह आपल्याला वापरू देणारे आपल्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचे बंधू. आणि कंत्राटदार मंडळी, ज्यांनी दाराजवळच्या डब्यात आपापल्या ताटाचे पैसे टाकूनच हॅम वाढून घेतलं असेल, अशी मी आशा करतो. आशाच करतो. मी डब्याशेजारी अर्धा तास उभा होतो, पण मधे मला कुणीतरी कॉफी प्यायला नेलं. मुद्दाम नेलं की काय, कोण जाणे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मी लेलँड फुट्रेल. बावीस वर्षं मी खरेदी विभागाचा वकील होतो. वकील म्हणजे कोर्टात उभा राहणारा नव्हे. करार अधिकारी सही करायच्या आधी कागद ज्याच्या टेबलावर येतो आणि बहुतेक वेळा तिथेच अडकतो, तो माणूस. शिवाय आमच्या नोंदी समितीचा मी प्रमुख होतो. मघाशी माझी ओळख करून देताना कुणीतरी म्हणालं की विभागातला कागदाचा पसारा मी आवरला, स्कॅनचं मोठं यंत्र मी आणलं. त्या यंत्राचं कौतुक केल्याबद्दल आभारी आहे. त्याच्याकडे मी नंतर येणारच आहे.

आधी एक शंका बोलून टाकतो. आज बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव कुणी घातलं? मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. या बाईंचं आणि माझं किती सख्य होतं हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. ज्याने बाईंचं अधिकारपत्र भिंतीवरून स्वतःच्या हाताने उतरवलं, त्याला त्यांच्या निरोपाला कोण बोलावतं? मी चौकशी केली. नाव खुद्द मिस लोरेटांनीच दिलंय, असं कळलं. मग तर माझी झोपच उडाली. मी त्यांना फोन केला. म्हटलं, "मिस लोरेटा, यात काय डाव आहे?"

त्या म्हणाल्या, "डाव कसला, मिस्टर लेलँड? दोन शब्द बोला. खरे बोलायचे की गोड बोलायचे, ते तुम्ही ठरवा." आणि फोन ठेवला.

आता मला सांगा, या वाक्याने कुणाचं समाधान होईल?

तर गोड आधी बोलून घेतो, थोडं आहे, लवकर संपेल. मिस लोरेटांनी एकतीस वर्षं करार अधिकारी म्हणून काम केलं. त्या कधी उशिरा आल्या नाहीत. त्यांच्या हातच्या हॅममधे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसात, भरलेला कोबी आणि केलचा पाला इतका तिखट असायचा की एका जनरलसाहेबांचं भाषण मधेच थांबलं होतं. आणि त्या कागद फेकत नसत. आपल्याकडे खेकडे भरायच्या लाकडी टोपल्या असतात ना, तशा चार टोपल्या त्यांच्या टेबलाखाली असत, आणि त्यांत मूळ कागद. मी नियम केला होता की स्कॅन झाल्यावर मूळ कागद नष्ट करायचा. मी त्यांना तीनदा लेखी विचारलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, "होय, बघते." बावीस वर्षांत सरकारी बाईने दिलेलं यापेक्षा संशयास्पद उत्तर मी वाचलेलं नाही.

झालं गोड बोलून.

आता चर्चमधून आलेली मंडळी इथे आहेत, त्यांना आमचा धंदा माहीत नाही, म्हणून दोन मिनिटं घेतो. सरकारला काही विकत घ्यायचं असेल तर निविदा काढावी लागते. सगळ्यांनी यावं, भाव सांगावा, स्पर्धा व्हावी. पण एक वाट अशी आहे की तिथे निविदा लागत नाही. छोट्या कंपन्यांच्या संशोधनाची ती योजना. पहिल्या पायरीवर छोटा माणूस कल्पना घेऊन येतो, सरकार त्याला थोडे पैसे देतं आणि म्हणतं, करून दाखव. दुसऱ्या पायरीवर तो यंत्र बनवतो. आणि तिसऱ्या पायरीवर सरकार ते यंत्र थेट त्याच्याकडून घेऊ शकतं. इतर कुणाला विचारायची गरज नाही. अट एकच, की जे घेताय ते आधीच्या दोन पायऱ्यांतून निघालेलं असलं पाहिजे, किंवा ते काम पुढे नेणारं, किंवा पुरं करणारं.

ही अट कशी वाकवता येते ते मी बघितलंय. एका कंपनीने पहिल्या पायरीला धावपट्टीवरचे पक्षी हाकलायचा भोंगा बनवला होता. तिसऱ्या पायरीला तिच्याकडून नऊशे लॅपटॉप घ्यायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. मी विचारलं, लॅपटॉपचा आणि पक्ष्यांचा काय संबंध? उत्तर आलं, भोंग्याचा हिशेब लॅपटॉपवर ठेवला होता. तेव्हा असला कागद आला की माझे कान उभे राहायचे. निविदा नाही, स्पर्धा नाही, एकच नाव, आणि खाली एका करार अधिकाऱ्याची सही. वकिलाने संशय घ्यायचा नाही तर काय घ्यायचं?

आणि असं एक नाव मिस लोरेटांच्या फायलीत वरचेवर दिसायचं. थर्स्टन बिस्को.

बिस्को इथे आहेत, तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. त्यांनी डब्यात पैसे टाकलेले मी पाहिले. ते तळावर हेलिकॉप्टर दुरुस्त करायचे. खाडीच्या खाऱ्या हवेने हेलिकॉप्टरच्या अंगाला रंगाखाली गंज धरतो, वरून सगळं चकाचक दिसतं. तपासायचं तर रंग खरवडावा लागतो, म्हणजे हेलिकॉप्टर तीन आठवडे जमिनीवर. बिस्कोंनी वडिलांच्या जुन्या तंबाखूच्या कोठारात एक यंत्र बनवलं. हातात धरायचं, इस्त्रीएवढं. रंगावरून फिरवलं की खालचा गंज सांगतं. पहिली पायरी झाली, दुसरी झाली. दुसरीच्या शेवटी त्यांनी दोनशे बारा पानांचा अहवाल आणून दिला. त्यात यंत्राचा सगळा नकाशा होता, सगळं गुपित.

या अहवालाचं एक पथ्य असतं. मुखपृष्ठावर आणि प्रत्येक पानाच्या तळाशी सूचना छापावी लागते, की ही माहिती या छोट्या कंपनीची आहे, सरकारने ती ठरावीक वर्षं दुसऱ्या कुणाला देऊ नये. सूचना असेल तर गुपित राहतं. सूचना नसेल तर तो अहवाल सरकारचा, आणि सरकारने म्हटलं तर कुणाचाही.

सहा वर्षांपूर्वी मिस लोरेटांनी तिसऱ्या पायरीचा प्रस्ताव केला. एकशे चाळीस यंत्रं, थेट बिस्कोंकडून. दोन आठवड्यांत एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. नाव घेत नाही, त्यांची माणसं आज आली असतील तर हॅम खाऊन शांत बसावं. पत्रात म्हटलं होतं, बिस्कोंचा अहवाल आम्हाला तुमच्याच तांत्रिक शाखेने दिला आहे, त्यावर सूचना कुठेच नाही, म्हणजे ते यंत्र आम्हीही बनवू शकतो. तेव्हा निविदा काढा.

मी नोंदीतली प्रत उघडली. मुखपृष्ठ नाही. दोनशे बारा पानं, एकाही पानाच्या तळाशी सूचना नाही. पत्र खरं होतं.

मिस लोरेटांना बोलावलं. त्या बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "सूचना होती. मी स्वतः पाहिली आहे."

"कुठे?"

"थांबा." आणि त्या गेल्या, त्या खेकड्यांच्या टोपल्यांतली एक घेऊन परत आल्या. टोपली माझ्या टेबलावर. त्यातून अहवाल काढला. वर मुखपृष्ठ, त्यावर छापलेली सूचना. आत दोनशे बारा पानं, प्रत्येकाच्या तळाशी त्याच सूचनेचा लाल शिक्का. थोडा वाकडा, एखादा उलटा.

म्हणाल्या, "बिस्कोंच्या मिसेसनी हाताने मारलेत. ईव्हॉनने. स्वयंपाकघरात बसून."

मंडळी, मला शपथेवर विचारलं तरी सांगेन, तेव्हा माझ्या जागी तुमच्यापैकी कुणीही असता तर त्यानेही माझ्यासारखाच विचार केला असता. सरकारी नोंदीत सूचना नाही. जो कागद नष्ट व्हायला हवा होता तो बाईंच्या टेबलाखाली निघतो. त्यावर सूचना आहे. शाई ताजी, टोमॅटोसारखी. आणि त्या शिक्क्यांवर एकशे चाळीस यंत्रांचा करार, तोही निविदेशिवाय, त्याच बाईंच्या सहीने. मी म्हटलं, "मिस लोरेटा, हे शिक्के कधी मारले?"

त्यांनी अहवाल परत टोपलीत ठेवला. मग म्हणाल्या, "असं करा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या यंत्राला विचारा."

मला तो टोमणा वाटला. मी स्कॅनचं यंत्र आणलं म्हणून मिरवतो, हे त्यांना खुपायचं, असं माझं मत होतं. मी तो टोमणा माझ्या टिपणात शब्दशः लिहून ठेवला आणि वर शेरा मारला, "उद्धट".

पुढचं इथल्या जुन्या मंडळींनी पाहिलंय. मी चौकशी मागितली. सरकारच्या वतीने सही करण्याचं अधिकारपत्र आमच्याकडे चौकटीत घालून भिंतीवर लावतात. मिस लोरेटांचं पंचवीस वर्षं एकाच खिळ्याला होतं. ते काढायला शिपाई पाठवता आला असता. मी स्वतः गेलो. का गेलो? आज म्हणतो ते ऐका, मला त्यांचा चेहरा बघायचा होता. चोर पकडला की चेहऱ्यावर दिसतं, असं मला वाटायचं. त्यांनी खुर्ची ओढून दिली, कारण खिळा उंच होता. म्हणाल्या, "सावकाश, मिस्टर लेलँड. तिथे भिंत पोकळ आहे." चौकट निघाली तशी मागे भिंतीवर फिकट चौकोन दिसला. मी त्या चेहऱ्यावर जे शोधत होतो ते मला सापडलं नाही, आणि त्याचाही मी संशय घेतला.

अकरा महिने त्या मागच्या खोलीत जुन्या फायली बंद करत बसल्या. बिस्कोंचा करार थांबला. त्यांच्याकडे सहा माणसं होती, त्यांतली चार गेली. बिस्को स्वतः बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागले. मी एकदा मरिनावर, बोटींच्या धक्क्यावर, त्यांना पाहिलं, हात कोपरापर्यंत काळे. ते मला ओळखून म्हणाले, "मिस्टर फुट्रेल, मिस लोरेटा बऱ्या आहेत ना?" स्वतःचं काही विचारलं नाही. मी मनात म्हटलं, बघा, यांचं साटंलोटं. माणूस आपल्या करार अधिकाऱ्याची एवढी काळजी का करेल?

ईव्हॉन बिस्कोंनाही मी बोलावलं होतं. त्यांना विचारलं, दोनशे बारा शिक्के मारायला किती वेळ लागला? त्या म्हणाल्या, "दोन संध्याकाळी. पहिल्या दिवशी माझा अंगठा सुजला, म्हणून दुसऱ्या दिवशी डाव्या हाताने मारले. म्हणून वाकडे आलेत." मी लिहून घेतलं, "उत्तर पाठ केल्यासारखं." वास्तविक त्यांनी ते उत्तर देताना हसून अंगठा दाखवला होता. ते मी लिहिलं नाही.

आता स्कॅनच्या यंत्राकडे येतो.

त्या वर्षीच्या नाताळाआधी मी निवृत्तीचा अर्ज भरला. चार पानांचा अर्ज, शेवटच्या पानाच्या तळाशी सही. माझ्या मागे माझ्या पत्नीला काय मिळेल ते त्या पानावर ठरतं, म्हणून मी तीनदा वाचून सही केली, आणि नियमाप्रमाणे स्कॅनला दिला. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा होता, "सही नाही. अर्ज अग्राह्य."

मी भडकलो. सही केली नाही? मी? बावीस वर्षं लोकांच्या सह्या तपासणारा मी? तरातरा नोंदीच्या खोलीत गेलो. तिथे जून रेली बसायच्या. पहिल्या रांगेत बसल्यात, लपू नका, जून. मी म्हटलं, "जून, माझ्या अर्जाची मूळ प्रत कुठे आहे? मी सही केली होती."

जून म्हणाल्या, "नष्ट केली, मिस्टर फुट्रेल. तुमच्याच पत्रकाप्रमाणे. पत्रक क्रमांक चौदा."

"पण मी सही केली होती!"

"केली असेल."

"असेल म्हणजे काय? कुणीतरी घोळ केलाय. कुणीतरी मुद्दाम केलाय."

जूननी चष्मा काढला. त्या कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "मिस्टर फुट्रेल, कुणी काही केलेलं नाही. तुमची सही पानाच्या तळाशी होती ना? मग ती पट्टीखाली गेली."

"कसली पट्टी?"

"आता मला विचारता? तुम्हीच लिहिलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी आपला नोंद क्रमांक यायला हवा, सगळ्यांना ठळक दिसेल असा. यंत्र तिथे पांढरी पट्टी टाकतं आणि पट्टीवर क्रमांक छापतं. पट्टीखाली जे असेल ते जातं. मी तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, खाली काही लिहिलेलं असलं तर? तुम्ही म्हणालात, पानाच्या तळाला कुणी महत्त्वाचं लिहीत नाही."

आणि मंडळी, ते मी म्हणालो होतो. मला आठवलं. खोलीतल्या खिडकीपाशी उभा राहून म्हणालो होतो.

मी विचारलं, "आणि मुखपृष्ठं?"

"जाड कागद यंत्रात अडकतो, मुखपृष्ठं काढून टाकावीत. तेही चौदा क्रमांकातच आहे, परिच्छेद तीन."

मी खुर्चीवर बसलो. मग उठलो आणि शेल्फवरून त्या वर्षांचे दुसऱ्या छोट्या कंपन्यांचे अहवाल काढायला सांगितले. एकेचाळीस होते. एकाही अहवालावर सूचना नव्हती. एकेचाळीस कंपन्या, सगळ्याच सूचना छापायला विसरल्या? अकरा महिन्यांत मी हे एकदाही बघितलं नव्हतं. सगळा संशय मी एकाच बाईवर खर्च केला होता, बाजूच्या शेल्फवर टाकायला उरलाच नव्हता.

जून मागून म्हणाल्या, "मिस लोरेटाही असंच म्हणत होत्या. सूचना होती म्हणून. पण त्यांची गोष्ट मला कुणी विचारली नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा "तुमच्या यंत्राला विचारा" हा टोमणा नव्हता हे मला कळलं. त्यांना अकरा महिन्यांपूर्वीच माहीत होतं. मग बाईंनी सरळ का सांगितलं नाही? मी हा प्रश्न घेऊन मागच्या खोलीत गेलो. माझ्यातला वकील अजून मेला नव्हता, मला वाटलं, यातही काहीतरी असेल.

मिस लोरेटा फायलीला दोरी बांधत होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला पट्टीचं माहीत होतं. तुम्ही चौकशीत बोलला का नाहीत?"

त्या म्हणाल्या, "बोलले होते. तुमच्यासमोर, पहिल्याच दिवशी. तुम्ही ते 'उद्धट' म्हणून लिहून घेतलंत. मग चौकशीत परत सांगितलं. चौकशी करणाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, यंत्रात काही दोष आहे का. तुम्ही लेखी कळवलंत, नाही."

कळवलं होतं. एका ओळीचं उत्तर. यंत्राजवळ न जाता लिहिलेलं.

"आणि मूळ प्रत दाखवली तर तुम्ही शाई ताजी म्हणालात," त्या म्हणाल्या. "मी आणखी काय दाखवलं असतं तर तुम्हाला पटलं असतं, मिस्टर लेलँड? मी विचार करून थकले. म्हटलं, कधीतरी तुमचंच काहीतरी त्या पट्टीखाली जाईल."

यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, निदान माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. अधिकारपत्र त्याच खिळ्याला परत लागलं. करार बिस्कोंनाच गेला, थेट, निविदेशिवाय, आणि त्यावर मीच "हरकत नाही" लिहिलं. ते काम त्यांच्याच आधीच्या कामातून निघालेलं होतं, याबद्दल खुद्द मलाही शंका काढता आली नाही. आज तळावरची हेलिकॉप्टरं त्या इस्त्रीने तपासली जातात.

पण चौकशी बंद करताना नोंद मी लिहिली. काय लिहिलं ते ऐका, माझं गद्य आहे. "स्कॅन प्रक्रियेदरम्यान तांत्रिक कारणामुळे काही मजकूर सुटला असल्याचे निदर्शनास आले." बस. एक वाक्य. त्यात ना पत्रक क्रमांक चौदा, ना माझं नाव. मिस लोरेटांनी ती वाचून सही केली. कागद परत देताना म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. कुणी सुटू दिला तेवढं राहिलं." मी म्हटलं, नोंदीत तसं लिहायची पद्धत नाही.

त्या वाक्याने काय केलं? मी वाचलो, आणि बाई पुरत्या सुटल्या नाहीत. "तांत्रिक कारण" म्हटलं की लोक काय समजतात हे मला चांगलं ठाऊक आहे, मी स्वतः आयुष्यभर तेच समजत आलो. म्हणजे प्रकरण दाबलं. त्यानंतर विभागप्रमुखाची जागा दोनदा रिकामी झाली, दोनदा मिस लोरेटांना मागे ठेवून भरली गेली. लेखी कारण कुठेच नाही. मी आज हॅमच्या रांगेत उभा होतो, माझ्यापुढे दोन तरुण अधिकारी होते, त्यांचा जन्म झाला तेव्हा या बाई करारांवर सह्या करत होत्या. एक दुसऱ्याला म्हणाला, "शिक्क्यांवाल्या बाई त्याच ना? ज्यांनी मागाहून मारले?" दुसरा म्हणाला, "हळू बोल." मी प्लेट घेऊन बाजूला झालो. हॅम प्लेटमधेच राहिलं, आणि तो तिखटाचा दोष नव्हता.

तेव्हा माझी शंका खरी होती. यात डाव होता. मिस लोरेटांनी मला बोलावून घेतलं, खरे की गोड एवढंच विचारलं, आणि मी चालत त्यात आलो. बरं झालं आलो.

त्या दोघा तरुण अधिकाऱ्यांनी ऐकावं. कुठे बसलात ते मला दिसतंय. शिक्के मागाहून मारले नव्हते. ते ईव्हॉन बिस्कोंनी स्वयंपाकघरात मारले होते, अहवाल द्यायच्या आधी, शंभर उजव्या हाताने आणि उरलेले डाव्या हाताने. ते पुसले माझ्या यंत्राने, माझ्या हुकमावरून. आणि पुसल्याचं कळल्यावर ते मी दुसऱ्यांदा पुसले, एका वाक्याने. पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी पुरतं माहीत होतं.

अध्यक्ष महोदया, हे पत्रक क्रमांक चौदा. मूळ प्रत. हो, मीही एक कागद नष्ट केला नव्हता, घरी कपाटात होता. खाली माझी सही आहे, पट्टी पडायच्या आधीची. याला मी आज सकाळी दोन पानांचं निवेदन जोडलंय, नावानिशी. आपण इथे नव्या आहात, आपल्याला या प्रकरणाशी देणंघेणं नाही, म्हणूनच आपल्या हाती देतो. हे त्या नोंदीला जोडावं अशी विनंती आहे. हाताने जोडावं. जून, हे स्कॅनला देऊ नका.

माझा वेळ संपला, फादर टियरनी घड्याळ बघताहेत असं मला वाटतंय, कदाचित नसतीलही. अग्निशमन दलाने जागा दिली, बायकांनी दोन दिवस खपून हॅम केलं, आणि तुम्ही एका संशयी म्हाताऱ्याला इतका वेळ ऐकून घेतलंत, या सगळ्यांचा मी ऋणी आहे. बिस्को, ईव्हॉन आज आल्या नाहीत, त्यांना माझा निरोप द्या. काय निरोप ते तुम्हीच ठरवा, माझ्याकडून गेलेला शब्द त्या सहज खरा मानणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

बोलताना कुणाला काही लागलं असेल, नाव चुकलं असेल, मानात कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ते माझ्या भाषणापुरतं. त्या अकरा महिन्यांचं आणि त्या एका वाक्याचं मात्र पोटात घालू नका, मिस लोरेटा. त्याची माफी मी इथे, सगळ्यांच्या देखत मागतो. द्यायची असेल तर द्या, नाकारायची असेल तर सगळ्यांच्या देखतच नाकारा. माइक चालू ठेवून मी खाली बसतो.